शिव्या निखिलला, सर नामानिराळे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी लिहितो, चुकलं असेल तर सांगा. तुमची ऑनलाइन कादंबरी सांगलीकडच्या एका कॉलेजच्या कबड्डी टीमवर आहे. सूरज रेडर, म्हणजे चढाई करणारा, निखिल डावा कव्हर, म्हणजे बचावातला, दोघंही एकवीस वर्षांचे, दोन वर्षं एकमेकांवर प्रेम आणि कुणालाच पत्ता नाही. विद्यापीठाच्या सिलेक्शनला आठवडा उरलेला असताना त्यांच्या चॅटचा स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर पडतो. निखिल सगळ्यांसमोर म्हणतो, 'हाच माझ्या मागं लागलाय, मी तसला नाय.' सूरज टीमबाहेर जातो. आता कमेंटमध्ये निम्मे वाचक निखिलला गद्दार म्हणतायत, काहीजण उलट सूरजवर घसरलेत की एवढं लपवायचं कशाला, आणि तुम्हाला हवंय की अठराव्या चॅप्टरपर्यंत वाचकांनी निखिलला माफ करावं, ते कसं जमवायचं.

मला वाटतं माफीचा प्रश्न तुमच्यासमोर अजून आलेलाच नाहीये. तुम्ही जो सारांश दिलाय त्यात स्क्रीनशॉट टाकणारा ओंकार चौथ्या चॅप्टरनंतर कुठंच नाही. आणि टीमचा सराव घेणाऱ्या सरांबद्दल एकच वाक्य आहे, 'सरांनी नाइलाजाने सूरजला वगळलं.' हा 'नाइलाजाने' शब्द कुणाचा आहे? सूरजचा असेल, तो सरांना देव मानतो म्हणून, तर चांगलंय, ठेवा. पण तुमचा असेल तर एका शब्दात तुम्ही सरांना निर्दोष सोडलंत आणि मग वाचकाच्या हाताला लागणारा माणूस एकच उरला, निखिल. चोर सोडून संन्याशाला फाशी. आता निखिल काही संन्याशी नाही हे मलाही कळतं, त्यानं केलं ते वाईटच केलं, पण या गोष्टीत चोर दुसराच आहे.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. सोळा-सतरा वर्षं झाली, कथा-कादंबऱ्यांचं संपादन करतो, दिवाळी अंकांचं काम जास्त. त्याआधी डावा कोपरा खेळायचो, जिल्ह्यापर्यंत गेलो, मग गुडघा गेला. खेळाडू मुलांच्या प्रेमाच्या गोष्टी आधी वर्षाला एखादी यायची, हल्ली बऱ्याच येतात, आणि निम्म्याहून जास्त हस्तलिखितांत ही तुमचीच अडचण असते. म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

कबड्डीचाच नियम घ्या ना. रेडर आत आला, कोपऱ्यानं घोटा धरला, कव्हर अंगावर गेला, तरी रेडर ओढत ओढत मध्यरेषेला हात लावून गेला तर ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला ते सगळे बाद. जो मागं उभा राहिला, हात धरून केलेल्या साखळीत, चेनमध्ये, आलाच नाही, तो मैदानात शाबूत. बघणाऱ्याला वाटतं पकड कोपऱ्यानं घालवली. सराव घेणाऱ्याला माहीत असतं की मागच्यानं साथ दिली नाही म्हणून गेली. तुमच्या गोष्टीत निखिलनं हात लावला म्हणून तो बाद झालाय. सरांनी कशालाच हात लावला नाही.

एक गोष्ट कबूल करतो. माझ्या कॉलेजच्या टीममध्ये एक मुलगा होता, उजवा कव्हर, अंगानं मजबूत पण बोलायला हळू. त्याला आम्ही एका हिरॉइनच्या नावानं हाक मारायचो. आम्ही म्हणजे मी सुद्धा, आणि माझा आवाज मोठा होता. सर कधी काही बोलले नाहीत, नुसते हसायचे. तिसऱ्या वर्षाला तो खेळायचा बंद झाला आणि आमच्यात ठरून गेलं की त्याच्या रूमवरच्या मित्रानं त्याला बिघडवला. बरीच वर्षं मीही तेच मानत होतो. पुढं मी त्यावर कथा लिहिली, तीही हुबेहूब तशीच, मित्र व्हिलन. एका ज्येष्ठ संपादक बाईंनी ती परत पाठवली, समासात पेन्सिलीनं एवढंच लिहून, 'शिक्षक कुठे होते?' आधी राग आला. मग आठवायला बसलो तर शिक्षक प्रत्येक प्रसंगात तिथंच होते, शिट्टी गळ्यात घालून.

तर पहिलं काम हे करा. एक कागद घ्या आणि प्रत्येक माणसासमोर तीन गोष्टी लिहा. त्याला काय माहीत होतं, त्याच्या हातात काय होतं, आणि गोष्टीत त्याचं काय गेलं. निखिलला सगळं माहीत होतं, त्याच्या हातात फार काही नव्हतं, आणि त्याचं प्रेम गेलं, झोप गेली, आता वाचकांत अब्रूही गेली. ओंकारला थोडं माहीत होतं, हातात फोन होता, गेलं काहीच नाही. सरांना किती माहीत होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, हातात टीमची यादी होती, गेलं काहीच नाही. दोष कोणाला हे पात्रं तोंडानं काय म्हणतात त्यावर ठरत नाही हो, शिक्षा कोणाला होते त्यावर ठरतं. वाचक शिक्षेवरून गुन्हेगार ओळखतो, तो बिचारा तुमचंच ऐकतोय.

आता यादीचं वजन किती ते लिहायला हवं. आपल्याकडं कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या घरी ती यादी म्हणजे नोकरी असते. राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि ते चालतं प्रमाणपत्रावर. शिवाय पोलीस, रेल्वे, कंपन्यांच्या टीम. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं ते जीआर उघडून बघा आणि मगच लिहा, कारण हे वाचणारे निम्मे वाचक स्वतः भरतीची तयारी करत असतात, ते लगेच पकडतात. पण मुद्दा असा की निखिल ज्या क्षणी 'मी तसला नाय' म्हणतो त्या क्षणी त्याच्या डोक्यात सूरज नसतोच, बापानं खुराकासाठी, बुटांसाठी, प्रवासासाठी काढलेले पैसे असतात, आणि समोर उभा असतो तो माणूस ज्याच्या सहीनं ते सगळं वसूल होणार किंवा बुडणार. हे एकदा नीट लिहिलंत की वाचक निखिलवर चिडेलच, चिडू दे, पण त्याच रागात तो सरांकडंही बघेल.

तुम्ही कमेंटमध्ये कुणालातरी 'टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी दाखवायची होती' असं उत्तर दिलंय. शब्द वापरायला हरकत नाही, पण कादंबरीत तो दाखवताना तुम्ही तो एका कॅप्टनच्या अंगावर चढवलाय. दाढी, बुलेट, शिव्या, बायकांबद्दल घाण बोलणं. असा माणूस असतो, नाही असं नाही, पण टीम चालते ती त्याच्यामुळं नाही. टीम चालते मस्करीवर. पकड सुटली की 'बांगड्या भर', दुखतंय म्हटलं की 'बायल्या आहेस का', आणि हे म्हणणारा बऱ्याचदा सगळ्यात प्रेमळ मुलगा असतो, तोच रात्री तुमच्या पायाला तेल लावून देतो. वाईट माणूस एकच दाखवला की बाकीचे अकरा आपोआप चांगले होतात आणि वाचक म्हणतो, तेवढा कॅप्टन नसता तर सगळं छान होतं. नसतं झालं.

त्यापेक्षा मुक्कामाचा प्रसंग लिहा. तो तुमच्याकडं नाहीये याचं मला आश्चर्य वाटलं. बाहेरगावच्या स्पर्धेला गेल्यावर टीम झेडपीच्या शाळेत उतरते, बाकं बाजूला सरकवून वर्गात सतरंज्या अंथरतात, बारा पोरं खेटून झोपतात, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर, कोण कुणाची मान चोळतंय, कोण कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून मोबाइल बघतंय. पुरुषांमध्ये इतकी मोकळी जवळीक आपल्याकडं दुसरीकडं कुठं क्वचितच चालत असेल. आणि ती चालते कारण तिच्यासोबत एक विनोद ठेवलेला असतो, 'ए, जास्त जवळ नको येऊ हां.' तो विनोद म्हणजे पावती. पावती फाडली की वाट्टेल तेवढं जवळ झोपा. सूरज आणि निखिलची पंचाईत हीच आहे की इतकी वर्षं तेही हीच पावती फाडत आलेत, सगळ्यात मोठ्यानं. स्क्रीनशॉटनंतरचा पहिला मुक्काम लिहून बघा. कुणी काही बोलत नाही. फक्त सूरजच्या सतरंजीशेजारी दीड हात जागा मोकळी राहते आणि बाकीचे अकरा नेहमीपेक्षा जास्त दाटीवाटीनं झोपतात. कॅप्टनच्या दहा शिव्यांपेक्षा ती दीड हात जागा जास्त बोलेल. (इथं मात्र तुम्हाला सूरजला टीमबाहेर काढायचं एखाद-दोन चॅप्टर पुढं ढकलावं लागेल, पण त्यानं बिघडत नाही, उलट सरांना निर्णय घ्यायला वेळ मिळतो आणि निर्णय उशिरा घेतला की तो नाइलाज राहत नाही.)

जाता जाता, कुस्तीवर लिहिणाऱ्या एका मुलीनं मागं विचारलं होतं म्हणून तेही सांगतो. तालमीत 'लंगोटाचा पक्का', म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, हे सर्टिफिकेट असतं आणि त्याचा उलटा अर्थ असा की पैलवान हरला तर कारण मातीत शोधायचं नाही, लंगोटात शोधायचं. दम कमी पडला, जोड भारी होती, खुराक पुरला नाही, वस्तादानं घाईत मैदानात उतरवला, यातलं काही नाही, 'कुणाच्यातरी नादी लागला' हेच. म्हणजे दोष द्यायची वहिवाट आधीपासून तयारच आहे, त्यात बाईच्या जागी मित्र बसवला की झाली समलिंगी पैलवानाची शोकांतिका. कबड्डीत हे इतकं उघड बोलत नाहीत पण हिशेब तोच. तुमच्या सातव्या चॅप्टरमध्ये सूरजची रेड फुकट जाते आणि लगेच पुढच्या वाक्यात निखिलचा मेसेज येतो, तिथं तुम्हीही नकळत तोच हिशेब मांडलाय. रेड का फुकट गेली ते खेळातून सांगा. डू ऑर डाय होती, म्हणजे गुण नाही मिळवला तर रेडरच बाद, समोर तिघंच होते, घाई केली. प्रेमामुळं खेळ बिघडतो हे जर सरांचं म्हणणं असेल तर ते कादंबरीनं खरं करून दाखवू नये.

आता ओंकार. तुम्ही लिहिलंय की शेवटी ओंकार स्वतःच गे निघतो असा ट्विस्ट डोक्यात आहे. कळकळीनं सांगतो, नका करू. असे लोक प्रत्यक्षात असतात, मान्य, आणि एखाद्या कथेत ते जमूनही जातं. पण बहुतेक वेळा याचा परिणाम असा होतो की छळ करणाराही त्यांच्यातलाच, छळ सोसणाराही त्यांच्यातलाच, आणि बाकीची टीम, सर, कॉलेज सगळे हात झटकून मोकळे. म्हणजे पुन्हा तेच, मागं उभा राहिलेला शाबूत. ओंकारला साधं कारण द्या. त्याला सूरजची जागा हवी होती. किंवा त्याहून वाईट, त्याला काहीच नको होतं, ग्रुपवर लोकांना हसवायचं होतं, आणि तीस जणांनी हसण्याचे इमोजी टाकलेही. ते तीस कोण होते ते नावानिशी लिहा की. निखिलचाही इमोजी त्यात असेल का, हा प्रश्न मला तुमच्या सगळ्या ट्विस्टपेक्षा जास्त छळेल.

खऱ्या खेळाडूंच्या बाबतीतही आपली नजर अशीच जवळच्या माणसावर अडकते. इंग्लंडचा फुटबॉलपटू जस्टिन फॅशनू, १९९०मध्ये त्यानं उघडपणे सांगितलं की मी गे आहे. त्याच्या सख्ख्या भावानं, तोही फुटबॉलपटूच, जाहीरपणे त्याच्याशी नातं तोडलं. १९९८मध्ये जस्टिननं आयुष्य संपवलं. ही गोष्ट सांगताना लोक भावापाशी थांबतात. पण त्याआधी, १९८१मध्ये दहा लाख पौंडांना विकत घेतलेल्या या पोराला त्याच्या मॅनेजरनं, ब्रायन क्लफनं, टीमसोबत सराव करायला बंदी घातली होती, आणि क्लफ आजही थोर मॅनेजर म्हणूनच ओळखला जातो. पुढं इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना हे उघड बोलणारा पुढचा पुरुष खेळाडू जेक डॅनियल्स, तो २०२२मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. एवढी वर्षं सगळे गप्प बसले ते एका भावामुळं नक्कीच नाही.

आणि आपल्याकडची धावपटू द्युती चंद. मे २०१९मध्ये तिनं सांगितलं की तिचं एका मुलीवर प्रेम आहे, आणि बातम्या सगळ्या तिच्या बहिणीच्या, घरच्या भांडणाच्या. याच द्युतीला २०१४मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून बाहेर काढलं होतं, ते मोठ्या संस्थांच्या नियमावर बोट ठेवून, आणि त्याविरुद्ध ती क्रीडा लवादात लढली. ते प्रकरण लोकांना धड आठवत नाही, बहीण आठवते. अजून एक, जुलै २०१९मध्ये, म्हणजे त्या गदारोळानंतर दोनच महिन्यांनी, तिनं नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ११.३२ सेकंदांत. हे एवढ्यासाठी सांगतोय की तुमच्या आराखड्यात सूरजचा खेळ संपतो आणि तो पुण्यात कुरिअरचं काम करतो. असं होतं, खूप मुलांचं होतं. पण तो शेवट तुम्ही सूरजच्या गोष्टीतून काढलाय की अशा गोष्टींचा शेवट असाच असतो म्हणून आलाय, ते एकदा स्वतःला विचारा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तिथं मी ठाम सांगू शकत नाही. सगळ्यात पहिली म्हणजे साल. कादंबरी कधी घडते ते तुम्ही कुठंच म्हटलेलं नाही आणि त्यानं दोषाचा सगळा हिशेब बदलतो. ११ डिसेंबर २०१३ ते ६ सप्टेंबर २०१८ या काळात घडत असेल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सुप्रीम कोर्टानं पुन्हा लागू ठरवलेलं होतं, म्हणजे सरांनी 'पोलिसात देईन' म्हटलं तर त्या पोरांच्या पोटात गोळा येणारच, आणि निखिलचं नाकारणं नुसतं भित्रेपण राहत नाही, त्यात जेलची भीतीही येते. २०१८ नंतर घडत असेल तर ती धमकी पोकळ आहे आणि ती देणाऱ्या सरांना ते माहीत असण्याची शक्यता आहे, म्हणजे सर जास्त दोषी. लेखकांना वाटतं साल लिहिलं नाही की गोष्ट कायमची होते. होत नाही, नुसती धूसर होते.

दुसरी म्हणजे निवेदन. तुमची गोष्ट सूरजच्या तोंडून आहे. सूरजनं निखिलला दोष देणं अगदी बरोबर आहे, द्यायलाच हवा, जवळच्यानं मारलेलंच लागतं, सरांचं लागत नाही कारण सरांकडून त्यानं कधी काही मागितलंच नव्हतं. त्याला शहाणा करू नका. 'खरा दोष व्यवस्थेचा आहे' असं वाक्य एकविसाव्या वर्षी कुठलाही रेडर बोलत नाही आणि बोलला तर मी पुस्तक मिटतो. फक्त सूरज जे सांगतो त्यात त्याला न कळलेल्या दोन-तीन गोष्टी पेरून ठेवा, म्हणजे वाचकाला त्याच्याआधी कळेल. उदाहरणार्थ, सर त्याला म्हणतात, 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, थोडे दिवस घरी जा,' आणि सूरज हे कौतुकानं सांगतो की सर किती समजून घेतात, आणि तेव्हाच सहज उल्लेख येतो की सरांच्या टेबलावर यादी टाइप होऊन तयार होती. बस. याच्यावर एक शब्द जास्त लिहू नका.

तिसरी गोष्ट लपवण्याची, म्हणजे ज्या वाचकांनी सूरजला धारेवर धरलंय त्यांचं काय. खरं सांगायचं तर त्यांना उत्तर देऊ नका. पण ते असं का म्हणू शकले ते बघा. तुम्ही पहिल्या तीन चॅप्टरमध्ये लपवण्याची मजाच मजा लिहिलीये, चोरून भेटणं, खोट्या नावानं नंबर सेव्ह करणं. लपवायला रोज किती मेहनत लागते ते नाहीये. आईनं मुलगी बघायचा विषय काढल्यावरचं हसू, कॅप्टन बायकांवरून विनोद करतो तेव्हा कितव्या सेकंदाला हसायचं याचा अंदाज. हे आलं की 'लपवलंच कशाला' म्हणणारा वाचक थोडा गप्प बसेल, सगळेच बसणार नाहीत.

राहिला निखिल. माफीचा मोठा सीन, पावसात, एसटी स्टँडवर वगैरे, मला नको वाटतो. एकतर सूरजनं माफ केलंच पाहिजे असं काही नाही. निखिलनं काहीतरी असं करावं ज्यात त्याचं खरंच काही जाईल, आणि ते सूरजसमोर नसावं. सगळे सरावाला जमलेत, सर हजेरी घेतायत, सूरजचं नाव यादीतून खोडलंय म्हणून ते पुढचं नाव घेतात आणि निखिल मध्येच म्हणतो, 'सर, सूरज राहिला.' एवढंच. सर वर बघतात. पहिल्यांदाच कादंबरीत सरांना काहीतरी बोलावं लागतं. ते काय बोलतात ते तुम्ही ठरवा, मला खरंच उत्सुकता आहे, कारण आमच्या सरांना ते कधी बोलावंच लागलं नाही. आम्ही कुणी विचारलंच नाही.

हे सूरजला कसं कळेल, असं तुम्ही विचाराल, कारण निवेदक तो आहे. दुसऱ्या कुणाकडून, उशिरा, चुकीच्या तपशिलांसह कळू दे. टीममधला एखादा लिंबूटिंबू त्याला वर्षभरानं पुण्यात भेटतो आणि गप्पांच्या ओघात सांगून टाकतो. सूरज विश्वास ठेवेल का ते मला माहीत नाही.

चौथा चॅप्टर परत लिहिलात तर इथंच टाका, वाचेन. आणि एक बारकी चूक आत्ताच सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. सहाव्या चॅप्टरमध्ये सूरज बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, घेतो तेव्हा तुम्ही समोर पाच खेळाडू ठेवलेत. समोर किमान सहा असल्याशिवाय बोनस मिळत नाही. एकाला आत घ्या, किंवा बोनस काढून टाका.